वर्गात सगळं कळतं, मग ताटात का उतरत नाही?

पत्र

मी एका संस्थेसाठी कमी उत्पन्नाच्या वस्तीत बायकांचा आहारवर्ग घेते. वस्ती मिश्र आहे. वेगवेगळ्या प्रांतांतून, देशांतून आलेली कुटुंबं, पाच-सहा भाषा, प्रत्येकाचं खाणं निराळं. मी ताटाचा तक्ता दाखवते, साखर-तेलाचं प्रमाण सांगते, कॅलरी समजावते. शेवटी प्रश्न विचारले की बायका बरोबर उत्तरं देतात. पण दर तीन महिन्यांनी वजनं घेतो, ती हलत नाहीत. काहींची तर वाढतात. वजनाच्या दिवशी हजेरी निम्म्यावर येते. मागच्या वेळी एकजण म्हणाली, "ताई, तुमचं सगळं पटतं. पण रात्री कामावरून आल्यावर मुलं झोपायच्या आत त्यांच्या पोटात काहीतरी जावं, एवढंच सुचतं." मला राग आला, आणि रागाची लाजही वाटली. संस्थेला वर्षाअखेरीस वजनाचे आकडे हवे आहेत. सहकारी म्हणतात, कडक व्हा, मधुमेहाने पाय कापावे लागलेल्यांची चित्रं दाखवा. ह्या लोकांना बदलायचंच नाही का?

आणखी एक. नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर वर्गाला येतो. अंगाने बराच जाड आहे. आईने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "ह्याला काहीतरी सांगा." तो मान खाली घालून उभा राहिला. मी काय करायला हवं होतं?

— एक कार्यकर्ती

उत्तर

ताई,

त्या बाईंचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत, फार बरं केलंत. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. कळत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. पटत नाही, असंही नाही. रात्री घरी पोचेपर्यंत अंगात किती त्राण उरतं, घड्याळात किती वाजलेले असतात, मुलांना आणखी किती वेळ ताटकळत ठेवता येतं, हा हिशेब त्यांनी तुमच्यापुढे मांडला. तुमच्या वर्गात ह्या हिशेबाला अजून जागा नाही. तुम्ही माहिती देता, बायका ती घेतात, उत्तरं बरोबर देतात आणि घरी जाऊन आपल्या परिस्थितीत जे शहाणपणाचं असतं ते करतात. बदलायचंच नाही का, असं तुम्ही विचारता. बदलायचं आहे. बदल परवडत नाही. परवडण्यात पैसा येतो, तसा वेळ येतो, झोप येते, आणि वाया जाण्याची भीतीही येते.

आधी पैशांचं पाहू. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, साखरेच्या ग्रॅममध्ये ४. एक किलो साखर म्हणजे जवळपास ३,९०० कॅलरी. एक किलो काकडीत जेमतेम दीडशे, एक किलो पालेभाजीत दोन-अडीचशे. ज्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे मोजून खर्च करावे लागतात, तिथे 'कमी पैशांत पोट कशाने भरेल' ह्या प्रश्नाला पीठ, साखर, तेल आणि त्यांपासून बनलेले तयार पदार्थ हेच उत्तर येतं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे अ‍ॅडम ड्र्यूनॉव्स्की हे गणित कित्येक वर्षं मांडत आले आहेत: कॅलरीमागे मोजायचा पैसा तेल-साखरेच्या पदार्थांत सगळ्यात कमी, ताज्या भाज्या-फळांत सगळ्यात जास्त. शिवाय साखर आणि पाकीटबंद माल महिनाभर टिकतो. पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते, आणि घरात फ्रीज नसेल तर त्याच दिवशी.

वाया जाण्याच्या भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आहाराच्या वर्गांत हा विषय जवळजवळ कधीच निघत नाही. नवी भाजी मुलाच्या जिभेला रुचायला ती आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते, असं मुलांच्या खाण्यावरच्या अभ्यासांत दिसतं. ज्या घरात पैसा आहे तिथे दहा वेळा थुंकलेली भाजी केराच्या डब्यात जाते, आई मुलापुढे दुसरं काही ठेवते, आणि अकराव्या वेळी मूल खातं. जिथे पैसा नाही तिथे पहिल्या नकारानंतरच मूल उपाशी झोपतं आणि भाजीचे पैसेही बुडतात. समाजशास्त्रज्ञ कॅटलिन डॅनियल यांनी बॉस्टन परिसरातल्या पालकांशी बोलून २०१६ साली नेमकं हेच लिहिलं. गरीब पालक मुलांना आवडतील याची खात्री असलेलेच पदार्थ घेतात, कारण नकाराची किंमत त्यांना झेपत नाही. पुढे मूल त्याच चवींवर वाढतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ह्यांना चांगल्या खाण्याची आवडच नाही. खरं तर आवड लागायला जी नासाडी सोसावी लागते, ती सोसायची ऐपत नाही.

आता लठ्ठपणा आणि भूक. दोन्ही एका घरात नांदू शकतात, एवढंच नाही, एका शरीरात नांदू शकतात. १९९५ साली विल्यम डाइट्झ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी एका अतिलठ्ठ मुलीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिचं कुटुंब सरकारी मदतीवर जगत होतं. पैसे संपत आले की भूक मारण्यासाठी घरात जास्त चरबीचं, पटकन पोट भरणारं खाणं खाल्लं जायचं. भूक आणि लठ्ठपणा यांचा संबंध असू शकेल का, असा प्रश्न त्यांनी त्यावरून विचारला. तेव्हापासून ह्या प्रश्नावर पुष्कळ काम झालं आहे, आणि विशेषतः बायकांमध्ये अन्नाची चणचण आणि वाढलेलं वजन एकत्र आढळतं. बायकांमध्येच का, हे तुम्हाला सांगायला नको. टंचाई असते तेव्हा आई आपला घास मुलांना देते, आणि हातात पैसे आले की शरीर राहिलेलं वसूल करून घेतं.

ह्याची मुळं आईच्या पोटातही असू शकतात. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा रोखला, तेव्हा तिथे भीषण उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं मोठी होऊन १९व्या वर्षी लष्करी तपासणीला आली. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांच्या आयांची उपासमार झाली होती, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त सापडला. तुमच्या वर्गातल्या बायकांपैकी कितीजणींचं बालपण टंचाईत गेलं असेल, याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक असेल. त्यांच्या शरीरांना पुरेसं अन्न नंतर मिळालं, आणि तेही असं स्वस्त, गोड, तेलकट.

सहकारी 'कडक व्हा' म्हणतात, त्यामागे सगळा मनोनिग्रहाचा प्रश्न आहे असा समज आहे. त्यांना २०१९ सालचा एक प्रयोग जरूर सांगा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० निरोगी माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं रांधलेलं. दोन्हींत पुढ्यात ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू यांचं प्रमाण सारखं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तयार खाण्यावर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. दोन आठवड्यांत कुणाचा मनोनिग्रह बदलत नाही. ताटातलं बदललं होतं. तुमच्या वस्तीत रात्री आठनंतर काय मिळतं, याच्याकडे एकदा ह्या नजरेने बघा.

आणि झोप. शिकागोत २०२२ साली झालेल्या एका चाचणीत कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली. खाण्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. त्यांची झोप तासाभराहून थोडी जास्त वाढली, आणि ज्यांची झोप वाढवली नव्हती त्यांच्या तुलनेत रोजचं खाणं सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. पहाटे उठून दोन ठिकाणी कामाला जाणाऱ्या बाईला झोप कुठून द्यायची, हे माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. पण तिचं वजन हलत नाही म्हणून तिला आळशी किंवा बेफिकीर समजायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुम्हाला कुणीतरी सुचवेल की वस्तीत ताज्या भाज्या-फळांचं चांगलं दुकान आणा, की प्रश्न सुटला. १९९०च्या दशकापासून 'अन्नाचं वाळवंट', म्हणजे जिथे ताजं, चांगलं अन्न जवळपास मिळत नाही अशी वस्ती, ही कल्पना ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत बरीच गाजली. दुकान यायलाच हवं, पण तेवढ्यावर विसंबू नका. फिलाडेल्फियातल्या एका गरीब भागात नवं मोठं दुकान उघडल्यावर काय झालं, त्याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चांगलं अन्न जवळ मिळू लागलं, असं लोकांना वाटत होतं. खाण्यातली भाजी-फळं मात्र वाढली नाहीत, वजनही घटलं नाही. दार उघडलं, खिसा आणि घड्याळ तसंच राहिलं.

खिशाला हात लावला तेव्हा फरक दिसला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅम्पडन काउंटीत २०११-१२ साली सरकारी अन्नमदत मिळणाऱ्या काही कुटुंबांना एक सवलत दिली. फळं-भाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत. त्या कुटुंबांत फळं-भाज्यांचं खाणं इतरांच्या तुलनेत सुमारे २६ टक्के जास्त झालं. ह्याहून मोठा फरक घराच्या पत्त्याने पाडला. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत अतिगरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं तेव्हा त्या बायकांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्ही कमी होते. त्या योजनेत आहाराचा एकही धडा नव्हता. ताई, मी आहारशास्त्र शिकवते, आणि तरीही सांगते की हा अभ्यास आपण सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा.

याचा अर्थ वर्ग बंद करा असा नाही. शिकवण्याने फरक पडतो, पण शिकवण्याबरोबर हात दिला तर. मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ साली आले, खाणं आणि हालचाल बदलायला शिकवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यात जवळजवळ निम्मे लोक अल्पसंख्य समाजांतले होते. पण तिथे प्रत्येकामागे एक मार्गदर्शक होता, सुरुवातीला १६ बैठका समोरासमोर, आणि कुणाची अडचण असेल तर ती सोडवायला हाताशी थोडे पैसेही. तुमचा वर्ग म्हणजे त्यातला तक्ता तेवढा उचलून आणलेला आहे.

तक्त्याचं निघालंच आहे, तर तेही बोलू. तुमच्या वस्तीत इतक्या ठिकाणची माणसं आहेत आणि भिंतीवर ताट एकच. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. म्हणजे रोज दूध प्या हा सल्ला खोलीतल्या कितीतरी जणींच्या पोटात दुखवणारा असू शकतो. वजनाच्या तक्त्याचंही तेच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २५च्या वर गेला की वजन जास्त, हा सरधोपट नियम आशियाई शरीरांना पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ सालीच सांगितलं की आशियाई लोकांत २३पासूनच धोका वाढू लागतो आणि २७.५पासून तो बराच असतो. याउलट पॅसिफिक बेटांवरून आलेल्या माणसाच्या अंगात त्याच बीएमआयला स्नायू जास्त, चरबी कमी असते. म्हणजे तुमच्या खोलीत एखादी सडपातळ बाई धोक्यात असेल आणि तिची जाडजूड शेजारीण तितकी नसेल. कंबरेचा घेर आणि रक्तदाब-साखरेची तपासणी ह्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा खरं सांगतात.

दुसरी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परदेशातून आलेल्या लोकांचं खाणं सुधारायला हवं असं आपण धरून चालतो. २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की देशात येऊन वर्षही न झालेल्या स्थलांतरितांत लठ्ठपणा सुमारे ८ टक्के होता आणि १५ वर्षं राहिलेल्यांत १९ टक्के. येताना ते आपलं खाणं घेऊन येतात. नव्या जागेत ते सुटतं, कारण ओळखीचं धान्य मिळत नाही, शिजवायला वेळ नसतो, आणि शाळेत मुलांना डब्याची लाज वाटायला लागते. तेव्हा त्यांच्या ताटातलं काढून तक्त्यातलं बसवण्याआधी त्यांना विचारा की आईच्या घरी काय शिजत होतं. डाळी, कडधान्यं, भरड धान्यं, शेंगा, रानभाज्या, थोडे मासे, असंच काहीसं बहुतेक ठिकाणाहून ऐकायला मिळेल. ते परत चुलीवर यायला काय अडतंय, हा तुमच्या वर्गाचा विषय.

आता चित्रांचं. पाय कापलेल्यांची चित्रं दाखवू नका. भीती घातल्याने माणूस केव्हा बदलतो आणि केव्हा पळतो, यावर संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ साली मांडलेला विचार आजही वापरला जातो. समोर धोका आहे आणि त्यावर करण्याजोगं काही आपल्या हातात आहे, असं वाटलं तर माणूस ते करतो. हातात काहीच नाही असं वाटलं, की तो धोक्यापासून न पळता तो दाखवणाऱ्यापासून पळतो. वजनाच्या दिवशी निम्म्या बायका येत नाहीत, ते हेच. लाजेचंही तसंच आहे. वजनावरून सतत ऐकून घेणारी माणसं जास्त खातात, व्यायाम टाळतात, दवाखान्यात जायचं लांबवतात, असं अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. वजनकाटा वर्गातून उचला. कुणाला वजन करायचंच असेल तर पडद्याआड, तिने मागितलं तर, आणि आकडा फक्त तिला सांगायचा.

मग वर्गात काय करायचं? पुढचे दोन-तीन वर्ग काही शिकवू नका, विचारा. काल संध्याकाळी घरी किती वाजता पोचलात? घरात तेव्हा कोण होतं, कोण रांधतं? शेगडी किती, इंधन कुणाबरोबर वाटून घ्यावं लागतं का, फ्रीज आहे का, नळाचं पाणी प्यायचा विश्वास वाटतो का? पाण्याचा प्रश्न आवर्जून विचारा. एका छोट्या डब्यातल्या कोल्ड्रिंकमध्ये, म्हणजे ३३० मिलीमध्ये, साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवते. वर्गात एकच सल्ला द्यायचा झाला तर गोड पेय बंद करा हाच देईन. पण जिथे नळाच्या पाण्याने मुलांची पोटं बिघडतात तिथे आई बंद बाटली घेते, आणि ती मुलांची काळजी म्हणूनच घेते. तिथे सल्ल्याआधी पाण्याची सोय.

भाजीची चव लावण्याचं काम वर्गाने अंगावर घ्यावं, असं मला फार वाटतं. संस्थेच्या पैशांतून दर खेपेला एक भाजी शिजवा आणि आलेल्या मुलांना चमचाभर द्या. न खाल्ली तर न खाल्ली, पुढच्या वेळी पुन्हा. त्या आठ-पंधरा नकारांचा खर्च आईच्या खिशातून न जाता संस्थेच्या खिशातून जाईल. तक्ते छापण्यापेक्षा हा खर्च मला कितीतरी सार्थकी लागणारा वाटतो.

रांधायला बायकांनाच पुढे करा. अट एकच: एक शेगडी, अर्धा तास, आणि महिन्याच्या शेवटी घरात जे असतं तेच. तुम्हीही त्यातून शिकाल. फ्रीझरमधल्या भाज्या ताज्याइतक्याच पौष्टिक असतात आणि नासत नाहीत, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं. दुकानात मिळणारी डबाबंद, शिजवलेली कडधान्यं पाण्याने धुऊन घेतली की मीठ बरंच उतरतं. रविवारी जास्तीची डाळ शिजवून दोन-तीन भाग केले की बुधवारी रात्री आठ वाजता काहीतरी तयार असतं, पण त्यासाठी फ्रीज लागतो, आणि तो चौघींत एक असला तरी चालतो. ह्या गोष्टी तुम्ही सुचवण्याऐवजी त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडून आल्या तर लगेच पटतात.

भाषेसाठी लहान मुलांना दुभाषी करू नका. आईच्या वजनाबद्दल मुलाच्या तोंडून ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. प्रत्येक भाषेची एक-एक बाई सोबत घ्या आणि तिला मोबदला द्या. फुकट नको. तिचा वेळ इतरांइतकाच कमी आहे.

आता तो मुलगा. तुम्ही काय करायला हवं होतं, असं विचारलंत. त्याच क्षणी आईला म्हणायचं होतं, "आपण दोघी नंतर बोलू," आणि त्याला बसायला सांगून भांडी मांडायला किंवा चव बघायला बोलवायचं होतं. ती वेळ गेली तरी पुढचं काम शिल्लक आहे. आईला एकटीला भेटा. ती वाईट आई नाही. घाबरलेली आहे, आणि बहुधा तिलाही कुणीतरी चारचौघांत असंच उभं केलं असेल.

तिला तीन-चार गोष्टी सांगा. नऊ वर्षांच्या मुलाचं वजन बहुतेकदा उतरवायचं नसतं. ते जिथे आहे तिथे सावकाश रोखलं तर उंची वाढत जाते आणि शरीर आपोआप प्रमाणात येतं. त्याला निराळं, कमी किंवा बेचव जेवण द्यायचं नाही. घरात सगळ्यांना एकच. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालकांसाठी एक साधी वाटणी सांगितली आहे, ती मला फार उपयोगी वाटते. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे आईवडलांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. जेवणाच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या असाव्यात, कारण पुढचं जेवण मिळेल याची खात्री असलेलं मूल अधाशासारखं खात नाही. टंचाईच्या घरात ही खात्री देणं किती अवघड असतं हे मी जाणते, म्हणून ह्या कुटुंबाला अन्नाची मदत मिळते का, मिळत नसेल तर का नाही, याची चौकशी तुम्ही स्वतः करा. शाळेत जेवण मिळत असेल तर ते चुकू देऊ नका. रोज तासभर धावायला-खेळायला हवं, पण आधी विचारा की घराबाहेर खेळायला सुरक्षित जागा आहे का. कित्येक आया मुलाला टीव्हीसमोर बसवतात ते बाहेर भीती आहे म्हणून.

त्याच्या अंगाबद्दल घरात कुणीही टोमणा मारायचा नाही. वडील, आजी, मोठी भावंडं, कुणीही नाही. वजनावरून घरातूनच बोलणी खाल्लेल्या मुलांत पुढे लपून खाणं, अति खाणं आणि स्वतःची किळस जास्त दिसते.

आणि डॉक्टरांकडे एकदा न्यायला सांगा. रात्री तो जोरात घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, मानेवर किंवा काखेत काळपट जाडसर चट्टे आहेत का, तहान आणि लघवी वाढली आहे का, गुडघा किंवा खुबा दुखतो का, हे त्यांनी बघायला हवं. यातलं एखादं असेल तर थांबू नका. दवाखान्यात बरोबर जायची तिला गरज असेल तर तुम्ही जा. मुलासमोर तिथे कुणी काही लागेलसं बोललं, तर सांभाळून घ्यायला कुणीतरी असावं.

राहिली संस्था. वर्षाअखेरीस वजनाचे आकडे देऊ नका, आणि का देत नाही ते आताच लिहून कळवा, शेवटच्या महिन्यात नको. वर्षाभराच्या वर्गाने वजन हललं नाही म्हणून पुढच्या वर्षी वर्गच बंद झाला, असं होण्याचा धोका खरा आहे. त्याऐवजी मोजण्याजोगं पुष्कळ आहे. किती घरांत गोड पेय रोजचं होतं ते आठवड्यातून एकदा झालं. किती कुटुंबांना हक्काची अन्नमदत सुरू झाली. किती बायकांचा रक्तदाब आणि साखर पहिल्यांदा तपासली गेली, आणि कितीजणींना औषध सुरू झालं. किती मुलांनी एखादी नवी भाजी खाल्ली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात अन्न कमी पडलं का, हा प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी विचारा, आणि उत्तरांतला फरक संस्थेपुढे ठेवा.

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना तीन गोष्टी मागा. फळं-भाज्यांवर थेट सवलतीची कुपनं, तीही वस्तीच्या जवळ चालतील अशी. वर्गाची वेळ, कामावरून परतणाऱ्या बायकांना जमेल ती, आणि तिथेच मुलांसकट सगळ्यांचं रात्रीचं जेवण, म्हणजे त्या दिवशी तरी 'वर्ग की स्वयंपाक' असा पेच पडणार नाही. आणि त्या बाईंना, ज्यांनी तुम्हाला खरं ते सांगितलं, पगारी मदतनीस म्हणून घ्यायची परवानगी.